उघाडी गेली

वनमालाबाईंनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात जन्मल्या, तात्यापाऱ्यातच नांदल्या आणि अकरा वर्षं समता कॉलनीतल्या मत्स्य सल्ला केंद्रात फोनवर बसल्या. धमतरीपासून बिलासपूरपर्यंत कुणाचे रोहू वर तोंड काढून राहिले, कुणाच्या तळ्याला शेवाळ आलं, सगळे त्यांनाच विचारत. यंदा केंद्रानं कोकणातल्या रायगडच्या खाडीकाठच्या मासेपालकांचं काम घेतलं. तिकडे भरती दर साली वर चढून राहिली होती, पावसाचा नेम उरला नव्हता, आणि लोकांना सल्ला मराठीतून हवा होता. मराठी बोलणारी आणि मासे कळणारी बाई केंद्रात एकच होती.

"पाणी ते पाणीच," त्या परागला म्हणाल्या होत्या. "खारं असलं म्हणून काय त्याले शिंगं फुटतात?"

पराग त्यांचा साहेब, वयानं मुलासारखा. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत. "हव दीदी, आपही संभालो," एवढंच बोलला.

त्या दिवशी ऑगस्टची अमावस्या होती. रायपुरात सकाळपासून पाऊस कोसळत होता. दहाच्या सुमारास प्रेमलाचा फोन आला. ही प्रेमला रायगडची, खाडीच्या बांधाआड तिचं तळं. तीन वर्षांमागं उधाणानं सगळे मासे नेले, तरी बाईनं हिंमत सोडली नाही. पुन्हा जिताड्याची पिल्लं सोडली, दोन वर्षं पोसली. चारशे जिताडे आता हातभर झाले होते. या खेपेला गेले तर तळं बुजवणार, असं सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं.

"ताई, उघाडी गेली वो! काय करू?"

वनमालाबाईंना काय, खिडकीबाहेर तेच दिसत होतं. उघाडी म्हणजे पाऊस थांबून ऊन पडणं. ती गेली म्हणजे आभाळ भरलं. आभाळ भरलं की तळ्यातला प्राणवायू कमी होतो, हे तर त्या झोपेतही सांगू शकत होत्या.

"घाबरू नका. बाहेरचं पाणी आत येऊ द्या. कुठंही अडवू नका."

"अडवू नको?" प्रेमला जरा थांबली. "बरं. तुम्ही म्हणता तर नाय अडवत."

फोन ठेवला, चहा मागवला. तो पिता पिता सवयीनं रायगडचा हवामानाचा नकाशा उघडला. पाच दिवस तिकडे थेंब नव्हता, लख्ख ऊन. मग हिची उघाडी गेली कुठं? आणि अडवू नको म्हटल्यावर ही बाई थबकली काहून? चहा तसाच ठेवून वनमालाबाईंनी फोन लावला.

"प्रेमलाताई, उघाडी म्हणजे काय हो तुमच्याकडं?"

"अवो, बांधाचं दार! लाकडी. ते मोडून गेलं. साडेबाराला उधाणाची भरती हाय. दीर गोण्या भरत होते, पर तुम्ही अडवू नको बोललात, म्हणून थांबवलं त्यांना."

अगं माय! घड्याळात पावणेअकरा झाले होते.

परागनं ऐकलं होतं. त्यानं फोनवर हात ठेवला. "दीदी, गलती मत बताओ. बोलो कि प्लान बदल गया. उसको क्या समझेगा?"

"हात काढ, पोट्ट्या! तिचं तळं जाऊन राहिलं आणि तुले इज्जतीची पडली?" त्यांनी हात झटकला. "प्रेमलाताई, मी चुकले. मले तुमचा शब्दच समजला नाही. तुमचा पाऊण तास माझ्यापायी गेला. आता ऐका. गोण्यांनी भरतीआधी दार बुजंल?"

"नाय बुजायचं. लई मोठं भगदाड हाय."

वनमालाबाईंनी डोळे मिटले. पुरात बांधावरून पाणी वाहायला लागलं की धमतरीचे लोक काय करतात, ते त्यांना समोर दिसत होतं. "मग पाणी नाही, मासे अडवा. पाणी आलं तर येऊ द्या, गेलं तर जाऊ द्या. घरात जाळी किती आहेत?"

"जाळ्यांना काय तोटा वो आमच्याकडं!"

"दुहेरी करा. दाराच्या आतल्या बाजूनं बांबू ठोका, जाळं तळाच्या चिखलात हातभर गाडा. बांध जिथं बुटका असेल तिथं वर छातीएवढं जाळं. नवं पाणी आलं की मासा त्याच्याकडं धावतो, तुमच्याकडंही तसंच?"

"तसंच! जिताडा तर पयला धावतो."

"मग त्याचं खाणं दारापासून लांबच्या कोपऱ्यात टाका. भरती चढायच्या आधीच, पोटभर. आणि माणसं ओहोटी होईस्तोवर जाळ्यापाशी राहू द्या."

दीड वाजला, दोन वाजले. वनमालाबाईंनी डबा उघडला नाही. पराग दोनदा पाणी ठेवून गेला. अडीचला फोन वाजला.

"ताई, पंधरा-वीस गेले असतील. बाकी सगळे तळ्यात हायत!" मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. "सासरेबुवा जाळं धरून सोता पाण्यात हुभे होते, बोला!"

वनमालाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "माझ्यावर राग नाही ना?"

"सकाळी आला व्हता, खोटं कशाला बोलू? पर चुकले म्हणून उलटा फोन करणारं हापिस आमी आजवर पाह्यलं नाय. आता आमची सगळी खाडी तुमालाच इचारणार." मग तिनं खाकरून घसा साफ केला. "ताई, नवी उघाडी किती उंच करू? पाणी तर दर साली चढतंय."

अकरा वर्षांत अशा प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या कधी थांबल्या नव्हत्या. आज त्यांनी वही ओढली, वर 'उघाडी म्हणजे दार' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"ते मी मागून सांगते. आधी तुम्ही सांगा, दर साली पाणी कुठंवर आलं होतं?"