गॅसचं तोंड, बियरचं तोंड

ऑर्व्हिल स्टेल्झनरच्या बोटांतून ती एवढीशी स्प्रिंग पुन्हा निसटली आणि टणटण उड्या मारत गॅरेजमधल्या फ्रीझरखाली गेली. त्यानं आधी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग गुडघे टेकून त्यानं लाकडी पट्टीनं ती बाहेर ओढली, पँटला पुसली आणि तिला अशी काही शिवी हासडली की बाहेर टोमॅटोच्या वाफ्यात वाकलेल्या लव्हॉननं मान वर केली. लव्हॉन त्याची बायको. तिनं ऐकलं, पण आत आली नाही. आत आलेलं त्याला चालणार नाही हे तिला माहीत होतं.

त्याचे हात हिवाळ्यापासून कापत होते. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं होतं, पण ऑर्व्हिलनं ते घरात पुन्हा कोणाला उच्चारू दिलं नव्हतं. कप अर्धाच भरायचा, सही सावकाश करायची, पत्त्यांच्या डावात पानं टेबलावर पालथी ठेवायची. असं करून त्यानं अख्ख्या शबॉयगन गावाला पत्ता लागू दिला नव्हता. लेकीलाही नाही.

आणि लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं.

ब्रिटानं साखरपुड्याच्या जेवणातच जाहीर करून टाकलं होतं, "लग्नात बियर फक्त माझ्या बाबाची." होणारे व्याही रँडल पेटिग्रू शेजारच्या इलिनॉय राज्यातले, शिकागोजवळच्या बऱ्या वस्तीतले. ते हसून म्हणाले होते, "घरची बियर? वा! पण हाताशी दुकानातली असलेली बरी, काय? पाहुणे दीडशेच्या वर आहेत." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ऑर्व्हिलच्या ते असं काही जिव्हारी लागलं की दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं धान्य भिजवलं.

बियर झक्क उतरली होती. त्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हता. जत्रेतल्या घरगुती बियरच्या स्पर्धेत पहिल्या नंबरची निळी फीत वर्षानुवर्षं त्याच्याकडेच यायची. तो म्हणायचाही, "बियर काय कोणीही करतं. ती पिंपात बिघडू न देणं, यात खरी मख्खी आहे." त्याची पिंपं स्टीलची, उभट, एके काळी सोड्याच्या कारखान्यात वापरलेली. प्रत्येकाला वर पेचानं बसवलेली दोन तोंडं, एक गॅस आत जायला आणि एक बियर बाहेर यायला. दोन्ही तोंडांत स्प्रिंगवर बसवलेला इवलासा व्हॉल्व्ह. तिथंच जुनी बियर वाळते, तिथंच घाण धरते आणि तिथूनच गॅस गळतो. म्हणून दर खेपेला सगळं खोलायचं, घासायचं, रबरी कड्या बदलायच्या. हे काम तो डोळे मिटून करायचा. आता डोळे फाडूनही जमत नव्हतं.

एक पिंप मात्र त्यानं त्या दुपारी हट्टानं पुरं केलं. घामाघूम झाला, अंगठ्याचं साल निघालं, पण केलं.

तेवढ्यात ब्रिटा आली. ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची नोकरी करत होती. तोच निळा गणवेश अंगावर, केस वर बांधलेले. दारातच थांबली. बाप दुसऱ्या पिंपाच्या तोंडावर पाना बसवायला बघत होता आणि पाना स्टीलवर नुसता खडखडत होता.

"बाबा."

"थंडी आहे इथं," ऑर्व्हिल म्हणाला.

"ऑगस्ट महिना आहे, बाबा."

त्यानं पाना खाली ठेवला. हात खिशात घातले. ब्रिटा जवळ आली आणि तिनं खिशातून तो उजवा हात बाहेर काढला, दोन्ही हातांत धरून ठेवला. हात तिच्या हातातही कापत राहिला.

"कधीपासून?"

"तुझ्या आईला विचार."

"म्हणजे आईला माहीत आहे, आणि मी मूर्ख!"

"तुझं लग्न आहे, बेटा. तुला कशाला त्यात..."

"बरं, ते भांडण नंतर करू," असं म्हणून तिनं नाक पुसलं आणि बाह्या सारल्या. "आधी हे खोलायचं कसं ते सांग."

"तू? नखं रंगवलीत ना लग्नासाठी?"

"तू सांगतोस, की मी शिकागोवाल्यांना फोन लावून दुकानातली मागवू?"

ऑर्व्हिल स्टुलावर बसला. "अगोदर गॅस सोड. झाकणावरची कडी ओढ. पूर्ण फुसफुस थांबेपर्यंत. नाही तर तोंड उडून छताला लागेल, आणि तुझे स्वतःचे दात दुसऱ्याला बघावे लागतील."

तिनं कडी ओढली. पाना लावला. तोंड सुटलं, आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह तिच्या तळहातावर आले. तिनं ते दिव्यासमोर धरलं आणि भुवया वर गेल्या.

"अय्या बाबा, हे तर कीटण आहे! अगदी दातांवर असतं तसंच. रोज बघते मी हे."

"बियरचा खडा म्हणतात त्याला."

"काही म्हण. या पेशंटनं वर्षभर ब्रश केलेला नाही." तिनं पर्समधून कामाचा बारीक ब्रश काढला आणि कोपऱ्याकोपऱ्यातून असा फिरवला की ऑर्व्हिल बघतच राहिला. इतकी वर्षं तो जाडा ब्रश वापरत होता, आणि त्याला वाटायचं आपल्याइतकं स्वच्छ कोणी करत नाही.

मग ती घासत गेली आणि तो सांगत गेला. रबरी कडी ताणून बघ, चीर दिसली तर फेक. वंगण नखाएवढंच, जास्त लावलंस तर फेस बसेल. खाच असलेलं तोंड गॅसचं, बिनखाचेचं बियरचं. तोंड हातानंच फिरवून बसव आणि शेवटचा वेढाच पान्यानं दे. सांगता सांगता त्याच्या आवाजात जत्रेतला तोरा परत आला. ती चुकली की तो "अं हं" करायचा, आणि बरोबर केलं की काहीच म्हणायचा नाही. ब्रिटाला लहानपणापासून ठाऊक होतं की ती त्याची शाबासकी.

सगळी तोंडं बसल्यावर तिनं पिंपांत गॅस भरला आणि साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे येतात का पाहिलं. एकही नाही.

"आणि हे?" तिनं कडेच्या पिंपाकडे बोट केलं.

"ते मी केलंय. त्याला हात लावू नकोस."

तिनं लावला नाही. तेवढा मान तिनं राखला.

लग्न सरोवराकाठच्या एका मोठ्या जुन्या कोठारात होतं. दारं सताड उघडी, आत अकॉर्डियनवाला पोल्का नाचाची धून वाजवत होता, बाहेर निखाऱ्यांवर सॉसेज भाजली जात होती. ऑर्व्हिलनं मध घालून केलेली गव्हाची बियर पहिल्या पेल्यासाठी राखून ठेवली होती, आणि ती त्यानं मुद्दाम स्वतःच्या हातांनी तयार केलेल्या पिंपात भरली होती. तोटीवर त्याचा बियर मंडळातला जुना दोस्त एलरॉय कुबियाक उभा होता. पेले घेऊन रांग लागली. सगळ्यांत पुढे व्याही.

एलरॉयनं तोटी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स. पेल्यात नुसता वारा.

"व्याहीबुवा," रँडल पेटिग्रू मोठ्यानं म्हणाले, "ही फारच हलकी बियर दिसते!"

सगळे खो खो हसले. इलिनॉयवाले जरा जास्तच. पेटिग्रूंचा दांडगा भाऊ पुढे झाला, टेबलाखालचा पाना त्यानं उचलला आणि म्हणाला, "थांबा, मी बघतो," आणि थेट पिंपाच्या तोंडालाच लावला.

"हात काढा!"

कोठारभर आवाज घुमला. अकॉर्डियन थांबलं. पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून धरत नवरी गर्दीतून येत होती. "आत गॅस भरलाय! तोंड उडालं तर या लग्नात दोन डॉक्टर आहेत, पण दोघंही दातांचे आहेत!"

भावानं पाना खाली टाकला.

ऑर्व्हिलला एका नजरेत कळलं होतं. त्याचे डोळे पिंपाच्या माथ्यावर खिळले होते. खाचेचं तोंड बियरच्या लांब, तळापर्यंत जाणाऱ्या नळीवर बसलं होतं आणि बिनखाचेचं गॅसच्या आखूड नळीवर. त्या दुपारी हात इतके कापत होते, घाम डोळ्यांत उतरत होता. कोणतं तोंड कुठलं, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. म्हणजे गॅस खालून बियरमध्ये जात होता आणि तोटीतून वरचा गॅसच बाहेर येत होता. तो जिथं होता तिथंच उभा राहिला.

ब्रिटानंही पाहिलं. तिनं बापाकडे पाहिलंच नाही. गर्दीकडे वळून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माफ करा हं, माझी चूक. तोंडं मी उलटी बसवली."

"लग्नाच्या गडबडीत होतं असं," पेटिग्रू समजुतीनं म्हणाले.

ऑर्व्हिलनं लेकीकडे पाहिलं. या मुलीनं गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून व्हॉल्व्ह घासले होते, आणि आता स्वतःच्याच लग्नात, दोन्ही घरच्यांपुढे ती आपल्यासाठी खोटं बोलतेय. तो पुढे आला. खिशातून दोन्ही हात काढले आणि सगळ्यांना दिसतील असे समोर धरले. ते कापत होते.

"तिनं नाही," तो म्हणाला. "हे पिंप मी केलं. माझे हात हे असे झालेत, आणि मी ते लपवत होतो. बाकीची पिंपं हिनं केली. त्यात खोट काढून दाखवा कोणी!"

एलरॉयनं टोपी काढली, का ते त्यालाही कळलं नसावं. लव्हॉन मागे उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

"बाबा, बाजूला हो," ब्रिटा म्हणाली. "दिव्याच्या आड येतोयस."

तिनं बाह्यांची लेस कोपरापर्यंत सारली. जोडण्या काढल्या, झाकणावरची कडी ओढली, फुसफुस संपेपर्यंत थांबली. पाना लावला. दोन्ही तोंडं उतरवली, निर्जंतुक करायचं पाणी मारलं, रबरी कड्यांवरून बोट फिरवलं, मग ज्याचं त्याच्यावर बसवलं. हातानं फिरवून, आणि शेवटचा वेढा पान्यानं. ऑर्व्हिल काही सांगायला ओठ उघडायचा, आणि त्याआधीच ती ते करून मोकळी व्हायची. त्यानं तोंड मिटून घेतलं. ताठ उभा राहिला. त्याला वाटलं, जत्रेतल्या सगळ्या निळ्या फिती एकावर एक ठेवल्या तरी या क्षणाच्या पासंगाला पुरायच्या नाहीत.

जोडण्या पुन्हा बसल्या. तिनं तोटी ओढली. आधी फेस उसळला, तो तिनं बादलीत सोडला. मग आली ती सोनेरी धार, संथ, न तुटणारी. पेला भरून तिनं बापाच्या हातात दिला नाही. त्याच्या ओठांशीच धरला. त्यानं एक घोट घेतला आणि जिभेवर घोळवला.

"अं?" तिनं विचारलं.

तो काहीच म्हणाला नाही. ब्रिटा खळखळून हसली.

दुसरा पेला पेटिग्रूंना मिळाला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, पेल्याकडे पाहिलं, मग सरळ अर्धा रिकामा केला. "व्याहीबुवा," ते हळू म्हणाले, "मघाचं मनावर घेऊ नका. ही अजून आहे ना?"

"आहे. पण रांगेत उभं राहा," ऑर्व्हिल म्हणाला. "इलिनॉयवाल्यांना इथं वशिला नाही."

पेटिग्रू खरंच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. नवरा मुलगा वेस्ली धावत आला तो ओला टॉवेल घेऊन. ब्रिटाच्या झग्यावर पुढे वंगणाचा काळा पट्टा उमटला होता आणि सगळ्या छातीवर फेसाचे शिंतोडे उडाले होते. फोटोवालीही आली. "ताई, आधी हे पुसून घेऊ या का? नाही तर खांद्यांपासून वरचाच फोटो काढते."

"पुसायचं नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "आणि पायापर्यंत पूर्ण काढा. मी बाजूला उभा राहतो."

त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. हात कापत होता. त्यानं तो काढला नाही.