रिकामा कान आणि लांब हाताचा स्टेपलर

मित्रांनो, एखाद्या खणात हात घातलात आणि बोटांना हातभर लांबीचे थंडगार लोखंड लागले, तर दचकू नका. तो मीच असेन. मी एक जुना, लांब हाताचा स्टेपलर आहे. तुमच्या दप्तरातला चिमुकला रंगीत स्टेपलर हा माझा दूरचा भाचा. त्याला कागदाचा कोपरा तेवढा टोचता येतो. मी मात्र उघड्या पानांच्या थेट मध्यापर्यंत पोहोचतो आणि घडीवर नेमकी पिन मारतो. सुट्ट्या कागदांचे पुस्तक होते ते तिथे. ही बढाई समजू नका. माझे कामच ते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, पोटात स्प्रिंग बसवली, अंगाला हिरवा रंग दिला. तपासनिसाने मला दाबून पाहिले आणि ‘पास’च्या बाजूला सरकवले. पहिली नोकरी मिळाली एका बाइंडरकडे. शाळेच्या वह्या शिवता शिवता माझा रंग उडाला. मग तिथे विजेवर चालणारे यंत्र आले आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथल्या फळीवरून मला उचलले मास्तरांनी.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना एक वेगळाच नाद होता. मित्रांनो, हौशी माणसांनी बनवलेले छोटे छोटे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. ते डोक्यावरून जाताना बीप-बीप असे संकेत पाठवतात. साधा रेडिओ संच आणि घरी केलेली अँटेना असली की गच्चीत उभे राहून ते ऐकता येतात. मास्तरांनी सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे काठीला बांधून अँटेना केली होती. ती हातात धरून ते गच्चीत गोल फिरायला लागले, की शेजारी म्हणत, ‘मास्तर आज पुन्हा कावळे हाकताहेत.’

असाच नाद असलेल्या मंडळींचा त्यांनी क्लब काढला आणि क्लबचे एक मासिक सुरू केले. कुणाच्या अँटेनाचे चित्र, कुणाची अडचण, तिला कुणी दिलेले उत्तर असे सगळे त्यात असायचे. शेवटचे पान मात्र राखून ठेवलेले. त्याचे नाव ‘रिकामा कान’. मास्तरांचा दंडकच होता, की उपग्रह ऐकायला उभा राहिलेल्याला काहीच ऐकू आले नाही, तरी त्याने कळवायचे. तारीख, वेळ, अँटेना, आणि पुढे दोन शब्द: काही नाही. ते पान तसेच छापले जाई.

क्लबचे खजिनदार होते एक दंतवैद्य. माणूस हुशार, बोलायला तिखट. ते म्हणायचे, “मास्तर, मग मीही दवाखान्यात न आलेल्या पेशंटांची यादी लावतो.”

“लावा ना,” मास्तर माझ्यात पिना भरत म्हणायचे. “का येत नाहीत ते तरी कळेल तुम्हाला.”

ते दिवस माझ्या भरभराटीचे. अंक छापून आला की मास्तर पाने जुळवायचे, त्यांची सून घड्या घालायची आणि मी पिना मारायचो. डोंगरातल्या एका वाचकाने एकदा लिहिले होते, ‘अंक टेबलावर सपाट उघडा राहतो आणि पिन बोटाला लागत नाही. पिन मारणाऱ्याला शाबासकी सांगा.’ मास्तरांनी ते पत्र मला वाचून दाखवले. स्टेपलरला पत्र वाचून दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मास्तर गेले, तेव्हा अंकाचे काम सुनेने हाती घेतले. सगळे तिला वहिनी म्हणत. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, आणि आता एका रांगत्या मुलीची आई. घरात पिना म्हणजे तिच्या जिवाला घोर. काम झाले की जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून ती सगळी फरशी पालथी घालायची. चुंबकाला पिन चिकटली, की वाचलो म्हणायची. चिकटली नाही, की नक्की राहिली असणार म्हणून पुन्हा फिरवायची. ‘कशाला एवढा जीव टांगणीला लावतेस,’ असे सासूबाई म्हणत. तरी अंक एकदाही चुकला नाही.

पुढे दंतवैद्य क्लबचे अध्यक्ष झाले. एका बैठकीत ते म्हणाले, “वहिनी, तुमची मेहनत दिसते आम्हाला. पण आता फोनवर ग्रुप आहे. कुणी काही ऐकलं की दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं. पोस्टाची तिकिटं चाटत कशाला बसायचं?”

सगळ्यांनी माना हलवल्या. अंक बंद झाला. मी माळ्यावर गेलो, तुटक्या तारांच्या खोक्यात. दमट हवेने माझ्या सांध्यांत गंज शिरला. रांगणारी छकुली चालायला लागली, पळायला लागली, हे मला खालून येणाऱ्या आवाजांवरून कळत होते. ज्याचे काम जोडायचे, त्याने अडगळीत एकट्याने पडून राहणे यासारखे दुःख नाही, मित्रांनो.

ग्रुपवर मात्र रोज धमाल असायची, हे वहिनी सासूबाईंना सांगत तेव्हा माझ्या कानावर पडे. आज मी अमुक उपग्रह ऐकला, मी सगळ्यांच्या आधी ऐकला. ‘काही नाही’ असे कुणीच लिहीत नव्हते. चारचौघांत हसे कोण करून घेणार?

अशातच एक गोष्ट घडली. क्लबमध्ये एक नर्स होती. ती रात्रपाळी करायची आणि तिला सगळे सिस्टर म्हणत. तिने ग्रुपवर लिहिले, ‘काल दुपारी म्हातारबा ऐकला.’ म्हातारबा म्हणजे एक फार जुना उपग्रह. त्याची बॅटरी संपून तो कायमचा गप्प झाला, असे सगळे धरून चालले होते. लगेच उत्तरे आली. ‘सिस्टर, झोप झालेली दिसत नाही.’ ‘कुकरची शिट्टी असेल.’ दंतवैद्यांनी नुसते हसरे तोंड पाठवले. सिस्टर ग्रुपमधून निघून गेली.

पण तिने बंद पडलेल्या अंकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकले. वहिनींनी ते सासूबाईंना वाचून दाखवले. लिहिले होते, ‘तुमच्या अंकात कुणी कुणाला हसत नव्हतं, म्हणून तुम्हाला कळवते. आवाज सुरुवातीला उंच होता आणि हळूहळू खाली घसरत गेला. विश्वास बसला नाही तरी चालेल, पण हे कुठेतरी लिहिलेलं राहू दे.’

वहिनी एकदम थांबल्या. भरधाव गाडी हॉर्न वाजवत शेजारून जाते, तेव्हा तिचा आवाज कसा उंच येतो आणि खाली उतरत जातो, ठाऊक आहे ना? डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचा सूरही तसाच घसरतो. जागच्या जागी वाजणाऱ्या कुकरचा घसरत नाही. सिस्टर खरे सांगत होती. पण ग्रुपवर पुन्हा तेच लिहून काय होणार? पुन्हा तेच हसरे तोंड येणार.

त्यांनी माळ्यावरून जुने अंक काढले आणि सगळ्यांचे शेवटचे पान उघडून फरशीवर मांडले.

“काय गं हा पसारा?” सासूबाई म्हणाल्या. “छकुली होड्या करेल त्यांच्या.”

“आई, हे बघा ना. म्हातारबा गप्प झाल्यावरची सगळी ‘काही नाही’. वेळ बघा. सगळ्यांनी रात्रीच ऐकलंय, जेवणं आटोपल्यावर.”

“मग कधी ऐकणार? दिवसा माणसं कामाला जातात.”

“तेच तर,” वहिनी म्हणाल्या. “रात्री तो पृथ्वीच्या सावलीत असतो. बॅटरी मेलीये, पण त्याच्या अंगावरची, उन्हावर वीज करणारी सौर तावदानं शाबूत असतील, तर उन्हात आला की जागा होत असेल. आपण सगळे तो झोपल्यावरच दार वाजवत होतो. दिवसा मोकळी एकटी सिस्टर.”

सासूबाई पानांवर वाकल्या. “तुझे सासरे असते तर आत्ता गच्चीत असते,” म्हणाल्या. मग आत जाऊन शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. “तो हिरवा कुठंय? गंजला असेल मेला.”

तो मेला म्हणजे मी. मला खाली काढले, पुसले, सांध्यांत तेल सोडले. पहिली पिन वाकडी गेली. दुसरी पोटातच अडकली. वहिनींनी ती चिमट्याने ओढून काढली आणि पुन्हा दाबले. त्या दिवशी मला कळले, की ही बाई घाबरट असली तरी हटणारी नाही.

अंकाला कुणाची परवानगी नव्हती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून आणल्या. पहिल्या पानावर सिस्टरचे कार्ड, पुढे रिकाम्या कानाची सगळी पाने शेजारी शेजारी.

“मी दाबू?” छकुलीने विचारले. वहिनींचा चेहरा कसनुसा झाला. “आधी बोटं मागे. अजून मागे. आता दोन्ही हात वर ठेव.” मग मुलीच्या हातांवर स्वतःचे हात ठेवून त्यांनी दाबले. खट्. एवढी हलकी आणि एवढी नेमकी पिन मी आयुष्यात मारली नव्हती.

अंक पोस्टाने गेले. सोबत निरोप होता, रविवारी भर दुपारी मास्तरांच्या गच्चीत या. लोक आले. दंतवैद्य आले, सिस्टरही आली. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून मलाही वर नेले होते. वहिनींनी अँटेना आकाशाकडे धरली. म्हातारबा उगवायची वेळ झाली, तो डोक्यावर आला, पलीकडे उतरला. रेडिओतून नुसती खरखर.

“वहिनी,” दंतवैद्य टोपीने वारा घेत म्हणाले, “ऊन मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.”

सगळे हसले. सिस्टर पुटपुटली, “माझ्यामुळे तुम्हाला…”

“तुमच्यामुळे काही नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पेन्सिल घेतली. तारीख, वेळ, अँटेना किती तिरकी धरली, आणि पुढे स्वतःच्या नावावर लिहिले: काही नाही. “हे पुढच्या अंकात जाईल.”

“पुढचा अंक? कुठून निघणार तो?”

“इथून. तुम्ही कुणी काही पाठवलं नाहीत, तरी एवढ्या एका ओळीचा निघेल.”

दंतवैद्य जाताना तो कागद बराच वेळ वाचत उभे होते.

पुढचे काही आठवडे टपालात काहीच आले नाही. वहिनी रोज पेटी बघायच्या. मी टेबलावरच होतो. मला परत माळ्यावर ठेवायला त्या तयार नव्हत्या.

मग एका दुपारी दारात स्वतः दंतवैद्य. अंगात दवाखान्याचा पांढरा डगला, नाक उन्हाने सोललेले.

“बसत नाही, पेशंट खुर्चीत आहे, त्याच्या तोंडात कापूस घालून आलोय,” म्हणत त्यांनी घडी केलेला कागद पुढे केला. “अंकासाठी.”

कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात ओळींखाली ओळी होत्या. काही नाही. काही नाही. अँटेना आडवी, काही नाही. थोडी तिरकी, खरखर, काही नाही. रोज जेवणाची सुट्टी त्यांनी दवाखान्याच्या गच्चीत काढली होती. अगदी तळाशी लिहिले होते: म्हातारबा. क्षीण, पण नक्की. सूर घसरत गेला.

वहिनींनी तळाची ओळ दोनदा वाचली.

“दर फेरीला जागा होत नाही तो,” दंतवैद्य म्हणाले. “कधी होतो, कधी नाही. त्या दिवशी आपल्याला नेमका झोपलेला सापडला. आणि वहिनी, वरच्या ओळी गाळू नका हं. त्या लिहीत गेलो म्हणून अँटेना कशी धरायची ते उमगलं. तुमची त्या दिवशीची ओळ समोर ठेवूनच सुरुवात केली मी.”

“ग्रुपवर टाकलंत?”

“ग्रुपवर काय टाकू? तिथं ज्यांनी सिस्टरला हसून घालवलं, त्यांत मी पहिला.” त्यांनी डगल्याची बटणे उगाच चाचपली. “आधी तिचं नाव छापा. नंतर माझं. ही माफी समजा, नाहीतर बातमी समजा, पण कागदावर येऊ दे.”

तर मित्रांनो, अंक पुन्हा निघतो आहे. सिस्टर घड्या घालायला येते. दंतवैद्य पाने जुळवतात आणि उलटी लावतात. मी आता म्हातारा झालो आहे, कुरकुरतो, पण पिन सरळ मारतो. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरातल्या जुन्या अवजाराला महिन्यातून तेलाचा एक थेंब द्या. आणि काही करून पाहिलेत आणि जमले नाही, तर ते लपवू नका. तारीख घालून लिहा, दुसऱ्यांच्या पानांशेजारी ठेवा आणि मधोमध घट्ट पिन मारा. सुटे राहिलेले अपयश वाऱ्याबरोबर उडून जाते. एकत्र शिवलेले अपयश पुढच्या माणसाला वाट दाखवते. ते शिवायला मी आहे, आणि माझ्या पोटात अजून पुष्कळ पिना आहेत.