आत्याच्या शॉवरचा ब्रेकर

मित्रांनो, मी एक जुना ब्रेकर आहे. दारामागच्या भिंतीवर एक पांढरा डबा आहे, त्यात माझी जागा. एक काळा दांडा आणि शेजारी एक छोटं पिवळं बटण, एवढंच माझं रूप. वीज नको तिथे जराशी जरी पाझरली, तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली पडायचं आणि ती तोडायची, हे माझं काम. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी पिवळं बटण दाबलं, मी खटकन पडलो आणि त्या म्हणाल्या, "पडला, पास!" पडल्याबद्दल असं कौतुक पुढे कितीतरी वर्षं कुणी केलं नाही.

एका वायरमनने मला या घरात, बाथरूममधल्या विजेच्या शॉवरसाठी बसवलं. घरात एकच बाई राहायची. रविवारी येणारा भाचा तिला आत्या म्हणायचा, म्हणून माझीही ती आत्याच. टेलिफोन ऑफिसात तिने जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले होते. आता तिचा स्वतःचा फोन आठवड्यातून एकदा वाजायचा.

नऊ वर्षं मी एकदाही पडलो नाही. त्यामुळे नऊ वर्षं माझ्या डब्याचं दार कुणी उघडलं नाही. आत्याच्या कपातला चमचा वाजलेला मला ऐकू यायचा, पण मी तिथे आहे हे तिच्या गावीही नव्हतं. एक कोळी तेवढा आत येऊन राहिला होता. तोही पुढे निघून गेला.

मग एका थंड सकाळी आत्या अंघोळीला गेली आणि मला विजेची गळती जाणवली. मी पडलो. माझा खटका ऐकून आत्या टॉवेल गुंडाळून, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन धावत आली.

"काय रे बाबा, काय बिघडलं तुझं?" तिने डबा उघडून, दांडा वर करून मला उचललं. चार मिनिटांत मी पुन्हा पडलो.

"मेल्या, निदान डोकं तरी धुऊ दे!"

हे रोजचंच झालं. खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. शिव्या तर शिव्या, कुणीतरी माझ्याशी बोलत होतं. आज याची लाज वाटते. कारण गळती खरी होती, आणि मी एकदा जरी पडायचा राहिलो असतो तरी ओल्या अंगाच्या आत्याला शॉक बसला असता.

रविवारी भाचा पेचकस घेऊन आला. त्याने माझे स्क्रू आवळले, दांडा वर केला आणि सुतळीने डब्याच्या बिजागरीला करकचून बांधला. "ब्रेकरच बाद झालाय, आत्या. आता कसा पडतो बघू! आणि तरीही पडलाच, तर पुढच्या रविवारी हा काढून वायर थेट जोडून टाकतो. कटकटच नको."

ते ऐकून माझा धीरच सुटला. माझ्या जागी थेट वायर आली, तर तिच्या अंगावर येणारी वीज तोडणार कोण?

सोमवारी आत्या अंघोळीला गेली. गळती झाली. मित्रांनो, आमची घडणच अशी की दांडा धरून ठेवला, तरी आतला सांधा सुटतो. मी उभ्याउभ्याच पडलो.

आत्या आली, निथळत डब्यासमोर उभी राहिली. "दांडा वर आणि पाणी गार?" तिने सुतळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बांधून ठेवलं तरी पडतोस. म्हणजे उगाच नाही पडत तू."

तिने भाच्याला फोन लावला. "रविवारी जेवायला ये. पेचकस मात्र घरी ठेवून ये." दुसरा फोन जुन्या वायरमनला गेला.

वायरमनने आधी सुतळी कापली. "हे कुणी केलं?"

"आमच्या घरच्या इंजिनीअरनं," आत्या म्हणाली.

त्याने मेन बंद करून शॉवरच्या वायरी सोडवल्या, मेन चालू केलं आणि मला उचललं. अर्धा तास मी ताठ उभा होतो. "ब्रेकर ठणठणीत आहे, वायरही चांगली आहे. रोग शॉवरमध्ये आहे," तो म्हणाला. मेन पुन्हा बंद करून त्याने शॉवर उघडला. पाणी तापवणाऱ्या कॉइलला केसाएवढा तडा गेला होता.

"ताई, वीज पाण्यात उतरत होती. हा पडला नसता तर आज मला बोलवायला तुम्ही नसता."

आत्याने कोरडं फडकं आणून माझा डबा पुसला.

नवा शॉवर बसला. जाताना वायरमन म्हणाला, "महिन्यातून एकदा हे पिवळं बटण दाबायचं. पडला की समजायचं, शाबूत आहे. मग उचलायचा."

आत्याने डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. दर एक तारखेला ती यायची. "आहेस ना रे जागेवर?" मी खटकन पडायचो. "शहाणा माझा!" म्हणत ती मला उचलायची आणि कागदावर खूण करायची. मधले एकोणतीस-तीस दिवस मी त्या दोन वाक्यांवर काढायचो. अशा एकतीस खुणा झाल्या.

मग तिचे गुडघे दुखू लागले, जिने चढवेनात. भाचा तिला आपल्या घरी घेऊन गेला. काही दिवसांनी तो एकटाच घर बंद करायला आला. त्याने डबा उघडला आणि कागदावरच्या खुणा पाहत तो तसाच उभा राहिला. मग त्याने हळूच पिवळं बटण दाबलं. मी पडलो.

"चुकलंच माझं," तो पुटपुटला. त्याने मेन बंद केलं, दाराला कुलूप लावलं आणि तो गेला. मला उचलायचं राहून गेलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात दारामागे असा कुणीतरी असेल. तो सारखा पडत असेल तर त्याला बांधू नका, वायरमनला बोलवा. मोठ्यांना सोबत घेऊन महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबा. तो पडेल. मग त्याला उचलायला मात्र विसरू नका.