दीक्षा थापाचे आठ दिवस

शिरूरच्या कॉलेज ग्राउंडवर त्या रविवारी दीक्षानं दोन गोल केले. मॅच संपल्यावर ती पाण्याची बाटली उघडत होती, तेवढ्यात एक अनोळखी बाई समोर येऊन उभी राहिली. बुटकी, काटक, अंगात ट्रॅकसूट. तिनं काहीतरी विचारलं. दीक्षाला त्यातलं फक्त 'बुबा' कळलं, कारण पप्पा गावाकडं फोनवर बोलताना तो शब्द वापरायचे. बुबा म्हणजे बाप.

"मुझे नेपाली नहीं आती," दीक्षा म्हणाली.

बाई हसल्या आणि हिंदीवर आल्या. त्यांचं आडनाव गुरुंग. पूर्वी नेपाळकडून फुटबॉल खेळलेल्या, आणि आता सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघासाठी नेपाळबाहेर वाढलेल्या पोरी शोधत फिरत होत्या. पुण्यातल्या एका स्पर्धेत त्यांनी दीक्षाला लेफ्ट विंगला खेळताना पाहिलं होतं. खेळाडूंच्या यादीत 'थापा' वाचल्यावर त्यांनी माऊली सरांचा नंबर मिळवला होता. माऊली सर या मुलींच्या संघाचे कोच. त्यांच्याकडं खेळायला दीक्षा दर शनिवार-रविवार दौंडहून एसटीनं शिरूरला यायची.

"तुम्हारे पापा से मिलना है," गुरुंग मॅडम म्हणाल्या. "आज ही."

नरबहादूर थापा कुरकुंभच्या एका औषध कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. फर्स्ट शिफ्ट करून तो नुकताच घरी आला होता. त्याच कंपनीत पॅकिंगला असलेल्या कासुर्डीच्या सीमाशी त्यानं लग्न केलं, त्याला अठरा वर्षं झाली होती. दौंडमध्ये त्याला सगळे थापाच म्हणत. दारात आपली पोरगी, तिचे सर आणि मागं एक नेपाळी बाई बघून तो गडबडला आणि आधी अंगात शर्ट घालायला आत पळाला.

गुरुंग मॅडम त्याच्याशी नेपाळीत बोलायला लागल्या तसा त्याचा चेहरा बदलत गेला. घरात त्याच्याशी त्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. दीक्षाला वाटलं, आपले पप्पा इतकं भरभर बोलतात हे आपल्याला माहीतच नव्हतं.

सीमानं चहाचे कप ठेवले आणि म्हणाली, "मला कळंल असं बोला की."

मग मॅडमनी सगळं हिंदीत सांगितलं. दीक्षाचे वडील नेपाळचे नागरिक, म्हणून तिला तिथलं नागरिकत्व मिळू शकतं. सोळा पूर्ण झाल्यामुळं कागद लगेच करता येतील. तीन महिन्यांनी स्पर्धा आहे. संघात डाव्या बाजूला खेळणारी चांगली मुलगी नाही. राहणं, खाणं, शाळा, सगळं तिथं होईल.

सीमा नवऱ्याकडं बघत होती. तो आता लगेच हो म्हणणार, असं तिला वाटलं. पण थापानं कप खाली ठेवला आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही तिथं कुणाजवळ राहणार? आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार? गुडघा गेला तर काय? करमलं नाही तर परत येता येईल का?

"भेटायला कधीही येऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "पण खोटं सांगत नाही. दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. आमचं घेतलं की इथलं सुटणार. आणि एकदा आमच्याकडून स्पर्धेत उतरली, की पुढं भारताकडून खेळणं फार अवघड."

"पोरगी खेळली न्हाई नीट, तर?" थापानं विचारलं.

"तर दुसरी येईल. पासपोर्ट मात्र हिचा नेपाळचाच राहील."

थापा बायकोकडं वळला. मग मराठीत म्हणाला, "मी तेरा वर्षांचा होतो तवा एक जण गावात आला. माझ्या बाला म्हणाला, पोराला हॉटेलात लावतो, शाळेत घालतो. सगळं गोड सांगितलं. मला कुणी विचारलंसुदिक न्हाई." त्यानं मॅडमकडं हात केला. "या बाईंनी कडू पण सांगितलं."

मॅडमनी आठ दिवस दिले. जाताना माऊली सर दीक्षाला बाजूला घेऊन म्हणाले, "आपल्याकडच्या इंडिया कॅम्पच्या निवडीची यादी महिनाअखेर लागंल. त्याच्या आधी कळायचं न्हाई. तुझ्या जागेला अजून दोघीतिघी तगड्या हायेत, ते बी ध्यानात ठेव."

म्हणजे यादी लागायच्या आधीच ठरवायचं होतं.

ते आठ दिवस घरातलं कुणीच एका जागी बसलं नाही. दीक्षा वर्गात बाकाखाली सतत पाय हलवायची, शेवटी शेजारच्या मुलीनं जागा बदलली. संध्याकाळी ती रेल्वेच्या ग्राउंडवर जाऊन भिंतीवर एकटीच बॉल मारत राहायची. सीमा एकदा धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. थापानं कपाटातून आपलं नागरिकत्वाचं कार्ड काढून टीव्हीजवळ ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आत ठेवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. त्यावरच्या फोटोत तो दीक्षापेक्षा वर्षभरानं मोठा दिसत होता.

दीक्षा त्याच्या तोंडाकडं बघायची. त्याला काय हवंय ते तिला दिसत होतं. मॅडम आल्यापासून तो रोज गावाकडं फोन लावत होता आणि हसत होता.

"पप्पा, तुम्हाला वाटतं ना मी जावं?"

"माझ्या तोंडाकडं बघून ठरवू नको," तो म्हणाला. "मला काय, दोन्हीकडं माझीच पोरगी."

पाचव्या दिवशी कासुर्डीहून खंडूआबा आले. सीमाचे वडील. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढलेलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नातीला जवळ बसवलं.

"खेळायला जा की. माझं काय म्हणणं न्हाई," ते म्हणाले. "पण इथलं नाव खोडून जायचं, हे मला पटंना. माझ्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर जाता येत न्हवतं. बाबासाहेबांनी कायद्यात लिहिलं, तवा आपण या देशाचं माणूस झालो. तुझ्या आईला मी तेच सांगून वाढवली."

"आबा," थापा हळूच म्हणाला, "मी बी कुठल्यातरी देशाचं माणूस हाय."

आबांनी मान हलवली. "व्हय जावई. ते मी इसरलोच." मग आबा जेवायच्या आधीच निघतो म्हणायला लागले. सीमानं त्यांना जबरदस्तीनं बसवलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी दीक्षानं ग्राउंडवरूनच गुरुंग मॅडमना फोन लावला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. पप्पांचा चेहरा बाजूला ठेवला, आबांचा ठेवला, तर आत काय उरतं ते तिला नीट सापडत नव्हतं.

"मॅडम, मैं नहीं आऊंगी," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून घाबरली.

"क्यों?"

"इधर अभी तक मुझे किसी ने ना नहीं बोला. वो सुने बिना कैसे आऊं?"

मग मॅडम म्हणाल्या, "समझ गई. खेलती रहना." फोन बंद झाला. दीक्षाचा अंगठा बराच वेळ त्याच नंबरवर होता. परत लावावा असं तिला तीनदा वाटलं. ती ग्राउंडला फेऱ्या मारत सुटली, पोटात दुखेपर्यंत.

घरी सांगितल्यावर सीमा रडली. थापानं फक्त "बरं" म्हटलं आणि कार्ड आत ठेवलं.

महिनाअखेर यादी लागली. माऊली सरांनी मोबाइलवर पाठवली. दीक्षानं ती वरून खाली वाचली, मग खालून वर. तिचं नाव नव्हतं. राखीव खेळाडूंतही नव्हतं. सरांनी फोन करून सांगितलं, "पुढच्या वर्षी वरच्या गटाची निवड हाय. शनिवारी ये." ती "हो सर" म्हणाली आणि त्या शनिवारी गेली नाही. पुढच्या शनिवारी गेली.

पुढं स्पर्धेतली नेपाळची पहिली मॅच मोबाइलवर दिसणार होती. थापानं त्या दिवशी शिफ्ट बदलून घेतली. राष्ट्रगीत सुरू झालं तसा तो मोबाइल हातात धरून उभा राहिला. दीक्षा पलंगावर बसली होती. उठावं की नाही, तिला कळेना. मग पप्पा उभे आहेत म्हणून तीही उठली. सीमा भाकरी थापता थापता दाराशी येऊन दोघांकडं बघत राहिली.

डाव्या बाजूला एक उंच मुलगी खेळत होती. वेगवान होती, पण बॉल आला की खाली मान घालून पळायची.

"आत दुसरी मोकळी हाय, बघ की," दीक्षा मोबाइलला म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. नेपाळ एका गोलनं हरलं.

थापानं मोबाइल बंद केला. "वाईट वाटतंय?"

"व्हय."

"मला बी."

मग दीक्षानं दाराआडचे बूट ओढले आणि नाडी बांधायला घेतली.

"जेवून जा," सीमा आतून म्हणाली.

"आल्यावर," दीक्षा म्हणाली, आणि बॉल काखेत घेऊन जिना उतरली.