पुलाच्या चढावर

मावशी गॅरेजकडे निघाल्या त्या शिव्यांची शिदोरी बांधूनच. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या बाईला शिव्या मनातल्या मनातच द्याव्या लागतात. आज साठा बाहेर काढायचा योग आला होता.

कारणही तसंच होतं. मागच्या आठवड्यात मिस्त्रींनी इंजिन उघडून दुरुस्त केलं आणि आज दुपारी तीच व्हॅन पुलाच्या चढावर धापा टाकत बंद पडली. मागे ट्रकवाले हॉर्न बडवतायत, आत पोरं "मावशी, पुन्हा एकदा!" म्हणून टाळ्या पिटतायत. पोरांचा खेळ झाला, मावशींचा जीव टांगणीला लागला. शेवटच्या मुलाला सोडेपर्यंत पालकांचे फोन सुरू झाले होते. मावशींचं वय झालं, चढावर गाडी आवरत नाही, उद्यापासून दुसरी व्हॅन बघू. नवरा गेल्यापासून मावशींचं घर या व्हॅनवरच चालत होतं. पण त्याहून जिव्हारी लागलं ते 'आवरत नाही'.

"मिस्त्री, काय दुरुस्त केलंत हो? गाडी की माझं नशीब?"

मिस्त्री हात पुसत आले. "क्लचवर पाय ठेवून चालवत असाल, मावशी."

"माझा पाय कुठे असतो ते मला नका शिकवू!"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. सगळ्या पालकांचं पुढारपण करणारे बँकेतले साहेब. मावशी पाठ करून टायरांच्या ढिगाकडे गेल्या आणि एवढ्या मोठ्या तोंडाची ती बाई, "हो साहेब, नाही साहेब" करायला लागली.

"मावशी, इकडे या."

मिस्त्रींच्या हातात काळाकुट्ट फडका होता. इंजिन उघडलं की हवेच्या नळीत नटबोल्ट पडू नये म्हणून ते तिच्या तोंडात फडका कोंबत आणि जोडताना काढून घेत. या वेळी काढायचा राहिला होता आणि आठवडाभरात आत सरकून नळीत घट्ट बसला होता. सपाट रस्त्यावर इंजिनानं कसाबसा श्वास घेतला, चढावर त्याचा दम कोंडला.

मावशींची तर मिस्त्रींकडे पाठ होती. फडका गुपचूप खिशात घालायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? हे मावशींच्याही लक्षात आलं.

"फोन द्या," मिस्त्री म्हणाले. "साहेब, मी मिस्त्री. तुमची गाडी माझ्याकडेच येते ना, तोच. व्हॅन माझ्या चुकीनं बंद पडली. फडका आत विसरलो. बाईंनी चढावर गाडी तसूभर मागे जाऊ दिली नाही, म्हणून पोरं सुखरूप घरी आलीत."

साहेबांचा चढलेला आवाज मावशींनाही ऐकू येत होता.

"खरंय साहेब. तुमची गाडी न्या दुसरीकडे, माझं काही म्हणणं नाही. पण बाईंना काढू नका."

फोन परत हातात आला तेव्हा साहेब म्हणत होते, "मावशी, उद्या नेहमीच्या वेळेला या."

मावशींचे डोळे भरून आले. शिदोरी कुठे सांडली देव जाणे.

"मिस्त्री, फार उपकार झाले तुमचे."

"कसले उपकार? घोळ माझाच."

"घोळ सगळेच घालतात हो. निस्तरायला कोण उभं राहतं?"

मिस्त्रींनी बॉनेट लावून किल्ली पुढे केली. मावशींनी ती घेतली नाही. त्यांनी पदर खोचला, बाकडं ओढलं आणि बसल्या.

"ब्रेकही बघून द्या. सकाळी पोरं बसायचीत व्हॅनमध्ये, आता दुसऱ्या कुणा मिस्त्रीच्या हाती मी ती देणार नाही."