मी ओकिहामाच्या संघाची बस

मी एक बस आहे. आता अंगात पूर्वीची धमक नाही. दार उघडताना सुस्कारा सुटतो आणि थंडीच्या दिवसांत चटकन सुरूही होत नाही. पण माझ्या डाव्या अंगाला नीट पाहिलंत, तर नव्या रंगाखाली समुद्रातल्या लांब भुजांच्या एका मोठ्या म्हाकुळाची आकृती अजून दिसेल. ते ओकिहामाच्या फुटबॉल संघाचं चिन्ह. सात-आठ वर्षं ते मी अंगावर मिरवलं.

जन्मले तेव्हा मात्र फुटबॉलशी माझा काडीचाही संबंध नव्हता. कारखान्यातून निघाले ती थेट एका सहल कंपनीत. पांढरे हातमोजे घातलेली मुलगी पुढे उभी राहून प्रवाशांना डावीकडे देऊळ, उजवीकडे धबधबा असं दाखवायची. प्रवासी माना वळवायचे, फोटो काढायचे आणि मग झोपायचे. मला ते आयुष्य बरं वाटायचं. कुणाला कसली चिंता नसायची.

मग कंपनीनं नवी बस आणली आणि मला विकलं. त्याच वसंतात ओकिहामाचा संघ तिसऱ्या लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये चढला होता. ओकिहामा म्हणजे एक बंदर, मासळीबाजार आणि वर डोंगर. एवढ्याशा गावाचा संघ देशभर खेळायला जाणार म्हणून त्यांना बस हवी होती. नवी परवडत नव्हती, म्हणून मी आले. मला गडद निळा रंग दिला, त्यावर म्हाकूळ काढला आणि स्टिअरिंगवर तोकुनागा आले.

तोकुनागा पूर्वी मासळीचे ट्रक चालवायचे. बोलणं बेतासबात. मला रोज सकाळी "चला" म्हणायचे आणि रोज संध्याकाळी "दमलीस" म्हणायचे. संघाचे सगळे सामने त्यांच्यामुळे व्हायचे, पण त्यांनी एकही पाहिला नव्हता. सामना सुरू झाला की ते मैदानाबाहेर माझ्यातच बसून राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला बघवत नाही हो. परतताना घाट असतो, हात थरथरून कसं चालेल?"

आम्ही दोघं गर्दीच्या आवाजावरून निकाल ओळखायचो. परगावच्या मैदानावर मोठा जल्लोष झाला की समजायचं, आपल्यावर गोल झाला. अचानक सगळं सामसूम झालं की समजायचं, आपण गोल केला. त्यामुळे शांतता मला फार आवडू लागली.

माणसांच्या खोडीही मला तिथेच कळल्या. संघ जिंकला की पोरं आत येताना भाताचे गोळे खात, एकमेकांना टपल्या मारत येत. ब्राझीलचा वालमीर तर जुलैतही थंडी वाजते म्हणून पांघरूण घेऊन बसायचा, पण जिंकला की तेच पांघरूण डोक्यावर फिरवून नाचायचा. आणि हरले की सगळे अतिशय सभ्य व्हायचे. पडदे ओढून घ्यायचे. उतरताना प्रत्येक जण तोकुनागांना वाकून "त्रास दिला तुम्हाला" म्हणायचा. ते ऐकवायचं नाही. टपल्या परवडल्या.

दुसरी लीग ही जागाच मोठी अवघड. वर जाण्याचं स्वप्न सगळ्यांनाच असतं, पण आमच्यासारख्यांचं अर्धं वर्ष खाली पडू नये म्हणून धडपडण्यातच जातं. तळाचे तीन संघ तिसऱ्या लीगमध्ये जातात. आणि तिसऱ्या लीगमध्ये गेलं की प्रायोजक हात आखडता घेतात, चांगली पोरं निघून जातात आणि गावाला संघ आहे याचा हळूहळू विसर पडतो. शेजारच्या एका बंदरगावाचं तसं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

माझ्या सहाव्या वर्षी ती पाळी आमच्यावर आली.

हंगामाचे दोन सामने उरले होते. घरच्या मैदानावर सामना बरोबरीत सुटत आला होता आणि शेवटच्या क्षणी आमच्याच कप्तानाच्या, शिराइशींच्या पायाला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला. शिराइशी पस्तिशीचे, ओकिहामातच वाढलेले, बचावाला भिंतीसारखे उभे राहणारे. त्या दिवशी ते सगळ्यात शेवटी माझ्यात चढले आणि मागच्या कोपऱ्यात टॉवेल डोक्यावर घेऊन बसले.

मी निघणार, तोच लोकांनी मला घेरलं. समोर, बाजूला, मागे, सगळीकडे निळे स्कार्फ. सर्वांत पुढे ओगाता. मासळीच्या वड्या करणारा माणूस, आवाज कमावलेला. पाठीराख्यांचा तो म्होरक्या. प्रत्येक सामन्यात ढोल तोच वाजवायचा.

"कप्तानांना बाहेर पाठवा," तो म्हणाला.

प्रशिक्षक उठले, पण शिराइशी त्यांच्याआधी उतरले आणि कमरेतून वाकून उभे राहिले.

"माफी नको," ओगाता म्हणाला. "माफीचे गुण मिळत नाहीत. पुढच्या रविवारी काय करणार ते सांगा."

"पळेन."

"एवढंच?"

"आणखी काय सांगू, ओगाता-सान? खोटं कशाला बोलू? पळेन."

"पळा तर. तुमच्यापेक्षा या बसचे टायर जास्त पळतात," असं म्हणून त्यानं माझ्या अंगावर सपकन हात मारला.

गर्दीत कुणीतरी हसलं. शिराइशी हसले नाहीत. मला मार लागला नाही, पण त्या माणसाला कशासाठी एवढं दुखतंय ते त्या तळहातातून मला कळलं.

शेवटचा सामना डोंगरापलीकडच्या तात्सुमोरीत होता. आम्हाला बरोबरी पुरणार होती, पण हरलो तर आमच्या खालचा संघ आम्हाला ढकलून वर येऊ शकला असता. इतर संघ आदल्या दिवशी जाऊन हॉटेलात राहतात. आमचा संघ जवळच्या गावी त्याच सकाळी निघायचा.

सकाळपासून माझ्या पोटात काहीतरी कुरकुरत होतं. मला ते कळत होतं, पण मला वाचा कुठे? घाट चढताना तोकुनागांनी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं, वेग कमी केला आणि वरच्या विसाव्याच्या जागी मला जेमतेम वळवलं. मागून वाफेचा लोट निघाला. इंजिनाचं पाणी फिरवणारा पट्टा तुटला होता.

तो विसावा म्हणजे एक भाजीचं दुकान, स्वच्छतागृह आणि टांगलेली सुकी पर्सिमॉन फळं. खेळाडू खाली उतरून थंडीत उभे राहिले. प्रशिक्षकांनी दुकानातल्या फोनवरून सगळीकडे विचारलं. पानगळीचे रंग बघायच्या दिवसांतला रविवार, सगळ्या बस सहलींना गेलेल्या. दुसरी गाडी यायला सामना निम्मा संपला असता.

तोकुनागा माझ्या मागच्या दाराशी उभे होते. टोपी काढून हातात धरलेली.

"माझी जबाबदारी होती," ते प्रशिक्षकांना म्हणाले.

"पट्ट्याची होती," प्रशिक्षक म्हणाले. "डोक्यावर टोपी घाला, गारठाल."

तेवढ्यात खालच्या वळणावरून एक पिवळी बस वर आली. आमच्या पाठीराख्यांनी भाड्यानं घेतलेली. स्वच्छतागृहासाठी ते इथेच थांबायचे. ओगाता पहिला उतरला. मला पाहिलं, वाफ पाहिली, उभे असलेले खेळाडू पाहिले. त्याला काही विचारावं लागलं नाही.

तो पिवळ्या बसच्या दारात परत गेला आणि आत म्हणाला, "संघाला तीस जागा हव्यात. कोण उतरतंय?"

काहींनी खिशावर हात ठेवला. आठवडाभर प्रत्येकानं या सामन्याचं तिकीट जपलं होतं. मग सुगा आजी उठल्या. आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून आल्या होत्या.

"आजी, तुम्ही बसा हो," ओगाता म्हणाला. "तुम्हाला कोण उतरवतंय?"

"मी बसले तर एक खेळाडू इथे राहील. मी काय हेडर मारणार आहे? सर बाजूला."

आजी काठी टेकत उतरल्या आणि मग मागे कुणाला बसवेना. एकेक करत माणसं उतरली. हातोहात सामान माझ्या पोटातून पिवळ्या बसमध्ये गेलं. ओगातानं ढोलही आतच ठेवला आणि टिपऱ्या आत राहिलेल्या एका बाईच्या हातात दिल्या.

"हळू नका वाजवू," तो तिला म्हणाला. "आणि गळ्याची काळजी करू नका. सोमवारी कुणी बोलायला सांगत नाही."

शेवटी शिराइशी आणि तो समोरासमोर आले. एका आठवड्यापूर्वी दोघं असेच उभे होते.

"तिसरी रांग, खिडकीची जागा माझी," ओगाता म्हणाला. "शेजारी मात्सुए बसतो. तो घोरतो. कोपरानं ढोसा."

"ओगाता-सान, तुम्ही..."

"वेळ चाललाय. जा."

पिवळी बस निघून गेली. तीस माणसं, तोकुनागा आणि मी मागे राहिलो.

बाहेर गारठा होता म्हणून सगळे माझ्यात येऊन बसले. जे लोक मला नेहमी बाहेरून पाहायचे, हात हलवायचे, शिव्या द्यायचे, ते आज खेळाडूंच्या जागांवर अवघडून बसले. एकजण म्हणाला, "इथे गोलकीपर बसतो ना?" आणि उठून दुसरीकडे गेला. ओगाता सगळ्यात मागच्या कोपऱ्यात बसला. ती शिराइशींची जागा होती, हे त्याला ठाऊक नसावं.

भाजीच्या दुकानातल्या बाईनं सगळ्यांना गरम रश्श्यातला मुळा आणि अंडी आणून दिली.

डोंगरात फोनला रेंज नव्हती. तोकुनागा स्टिअरिंगवर येऊन बसले. मग त्यांनी माझा रेडिओ लावला. ज्या माणसानं सहा वर्षांत एक सामना पाहिला नव्हता, त्यानं स्वतःच्या हातानं लावला. माझं इंजिन मेलं होतं, पण बॅटरीत जीव होता. आवाज खरखरला, गेला, परत आला.

पूर्वार्धात तात्सुमोरीनं गोल केला. खिडक्यांवर वाफ धरली होती. दुसरीकडच्या सामन्याची बातमी आली: आमच्या खालचा संघ जिंकत होता. तसं राहिलं तर आम्ही खाली.

"बंद करू का?" तोकुनागांनी विचारलं.

"बंद करून गोल परत जातो का?" सुगा आजी म्हणाल्या. "राहू द्या."

उत्तरार्धात वालमीरनं गोल केला. निवेदक नाव घेता घेता अडखळला, खरखर झाली आणि आम्हाला दोनदा खात्री करून घ्यावी लागली. ओगाता उभा राहिला, टाळीसाठी हात वर नेले आणि तसाच खाली बसला. त्याला वाटलं असावं, आवाज केला तर काहीतरी बिघडेल.

मग उरलेला वेळ. तो मला घाटापेक्षा लांब वाटला. तात्सुमोरीवाले सारखे चढून येत होते. रेडिओवर एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं: शिराइशी, पुन्हा शिराइशी, शिराइशींनी पाय घातला. अगदी शेवटी निवेदक ओरडला, "गोलरेषेवरून... तोंडावर! शिराइशींनी तोंडावर घेतला!" आणि रेडिओ खरखरत बसला.

कुणी श्वास घेत नव्हतं. तोकुनागांनी बटण हलकेच फिरवलं. आवाज आला तो शिट्टीचा. बरोबरी. ओकिहामा दुसऱ्या लीगमध्ये राहिला.

तुम्हाला वाटेल, जल्लोष झाला असेल. नाही झाला. तीस माणसांनी एकदम श्वास सोडला आणि माझ्या सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या. ओगातानं पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. सुगा आजी मोजे सारखे करत कुरकुरल्या, "म्हणजे पुढच्या वर्षीही पंधरा दिवसांनी एकदा पहाटे उठणं आलं." त्यावर मात्र सगळे हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तोकुनागा खाली उतरले, मागे आले आणि माझ्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. "दमलीस," म्हणाले. संध्याकाळ व्हायची होती, तरी.

अंधार पडता पडता गॅरेजचा माणूस येऊन नवा पट्टा बसवून गेला. पिवळी बस परतताना थांबली. शिराइशी उतरले. डावा डोळा सुजून बंद झाला होता.

"दुखतंय?" ओगातानं विचारलं.

"मागच्या रविवारपासून दुखत होतं," शिराइशी म्हणाले. "आता थांबलं."

ओगातानं मान हलवली. मग दोघं खेळाडूंचं सामान उतरवायला लागले, एकाच पेटीची दोन टोकं धरून.

त्यानंतर दोन हंगाम मी संघासोबत राहिले. तळाच्या जरासंच वर, पण सुखरूप. मग एका प्रायोजकानं नवी बस दिली. तोकुनागांनी त्याच वसंतात निवृत्ती घेतली आणि मी डोंगरातल्या गरम झऱ्याच्या अतिथिगृहात आले. आता मी स्टेशनवरून म्हाताऱ्या पाहुण्यांना वर नेते. ते आंघोळ करून लालबुंद होऊन बसतात आणि पेंगतात. कसलीही चिंता नाही. जन्मले तेव्हासारखं आयुष्य आहे, फक्त आता मला त्याची किंमत कळते.

परवा एका पाहुण्यानं चढताना माझ्या अंगावरची आकृती बोटानं गिरवली.

"हे काय होतं हो?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"फुटबॉलचा संघ. ओकिहामाचा."

"पहिल्या लीगमधला?"

"दुसऱ्या."

"अजून आहे?"

"आहे की."

तुमच्या गावाचाही असा एखादा संघ असेल, कधी पहिला न येणारा. त्याची बस चढणीवर हळू चाललेली दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. जाऊ द्या तिला पुढे. मीही निघते आता. वर पाहुणे खोळंबलेत.