उपाशी तुकडा

"कुणी घातलं याला खायला?" मातीबाई बांधावरूनच कडाडल्या.

माळीदादांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. बाई बहिणीच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर गेल्या काय, आणि इकडे त्यांचा पिवळा, मरतुकडा गहू चक्क हिरवागार होऊन डोलत होता!

"साहेबांनीच सांगितलं, बाई. पाहुणे येणार, आणि हा तुकडा टकलासारखा दिसतो म्हणाले. मग टाकला युरिया."

"आणि तुम्ही टाकलात! मला एक फोन करायला हात मोडले होते का?"

मातीच्या शास्त्रज्ञ म्हणून संशोधन केंद्रात रुजू झाल्यापासून बाईंनी हा एकच तुकडा उपाशी ठेवला होता. ना खत, ना शेण. शेजारच्या वाफ्यांना तऱ्हेतऱ्हेची खतं. पण कुठल्या खताने किती फरक पडला, हे ठरायचं या उपाशी तुकड्याशी ताडून बघितल्यावरच. जमीन स्वतःच्या जिवावर किती तग धरते, तेही तोच सांगायचा. त्याच्यापायी बाईंनी बढती नाकारली, बदली टाळली, "तुला माणसांपेक्षा ढेकळं प्यारी" ही घरच्यांची बोलणीसुद्धा मुकाट गिळली.

आता मात्र त्या चिखलाच्या बुटांनी थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसल्या.

"एवढं काय त्यात?" साहेब हसले. "पुढच्या वर्षी नका घालू खत. झालं!"

"पंचवीस वर्षांचा उपास मोडलात तुम्ही, साहेब. तो काय गाठ मारून जोडता येतो?"

"अहो, फोटो तरी बघा. किती छान आलाय!"

बाईंनी बघितला. हिरव्या गव्हात साहेब, सगळे दात बाहेर.

"छानच आलाय. खाली लिहा, खुनी, घटनास्थळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गोदामामागच्या पडीक कोपऱ्यात खुंट्या ठोकत होत्या. घाव असा, की खुंटीच्या जागी कुणाचं तरी डोकंच असावं. माळीदादा मान खाली घालून जवळ आले.

"नवा तुकडा? याचं उत्तर कधी मिळायचं, बाई?"

"वीसेक वर्षांनी."

"पण तुम्ही तर पुढच्या वर्षी रिटायर..."

"मग? माती काय माझ्यासोबत रिटायर होणारे? दोरी धरा. आणि इथे मुंगीला साखर जरी घातलीत ना, तर याद राखा!"

दादांनी एक टोक धरलं. दुसरं बाईंच्या हातात होतं. दोरी ताणली गेली, आणि बाईंनी तिच्या रेषेत पुढची खुंटी ठोकली.